स्थलप्रतीचा प्रवास : जुने मराठी तंत्रग्रंथ आणि ठाण्याचा हौशी वाचक

इ. स. १८५३ च्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली, ही घटना शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर वर्षभरातच, १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' हे पुस्तक मराठीत छापले गेले, हे मात्र थोड्यांस माहीत असते. गाडीची स्मृती टिकली. गाडी कशी चालते हे मराठी वाचकास सांगू पाहणारा ग्रंथ विस्मृतीत गेला. ही विषमता योगायोगाने आलेली नाही. तिची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत तंत्र व शास्त्रविषयक ग्रंथरचनेचा आरंभ पुष्कळ जुना आहे. मुंबईत १८२३ च्या सुमारास निघालेल्या एंजिनियर इन्स्टिट्यूशनसाठी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञान व रसायन हे विषय संवादरूपाने मांडले. पुढे रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांच्यासारख्या अभियंत्याने शिल्पशास्त्रावर आयुष्यभर लेखन केले. त्यांचे 'हिंदी शिल्पशास्त्र' १९२८ चे. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'तील (१८००–१९३७) उपयुक्त कलांची पाने चाळली म्हणजे या परंपरेचा विस्तार ध्यानी येतो.

मग हे ग्रंथ गेले कोठे? काव्य वा कादंबरी वाचून कपाटात ठेवली जाते. साबण, रंग वा घड्याळदुरुस्तीचे पुस्तक कामाच्या बाकावर उघडे पडते, तेलकट हातांनी हाताळले जाते आणि बहुधा तेथेच संपते. दुसरे असे की, काव्य जुने झाले म्हणजे अभिजात ठरते व त्याची आवृत्ती निघते; तंत्रग्रंथ जुना झाला म्हणजे कालबाह्य ठरतो. अभ्यासक्रम बदलला की शिक्षणसंस्थाही तो निकालात काढतात. या न्यायात एक गफलत आहे. कारखान्याच्या दृष्टीने निर्वाळ यंत्रांनी व्हॉल्व्हच्या रेडिओला कालबाह्य केले हे खरे. परंतु घरातला जुना रेडिओ पुन्हा बोलता करू पाहणाऱ्यास १९५० सालचे पुस्तकच हवे असते, नव्याचा त्यास काडीचाही उपयोग नाही.

असा वाचक घोडबंदर रोडवर दुर्मिळ नाही. १९६० नंतर ठाण्याच्या परिसरात कारखानदारी वाढली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १९६२ साली येथल्याच वागळे इस्टेटीत झाला. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत आज कारखान्यांच्या जागी उंच निवासी इमारती उभ्या आहेत. कारखाने गेले तरी त्यांत आयुष्य घालवलेले हात येथेच निवृत्त झाले. बाल्कनीत छोटा लेथ मांडणाऱ्या माणसास हौशी म्हणून हिणवण्याचे कारण नाही. ज्या प्रक्रियांना बाजारात किंमत उरली नाही, त्यांचे ज्ञान अशाच माणसांकडे टिकून असते.

या वाचकाच्या दृष्टीने ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय महत्त्वाचे आहे. १ जून १८९३ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेच्या संस्थापकांत 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे अग्रणी होते. महाजालावर आज मुक्तपणे मिळणारे जुने मराठी ग्रंथ उघडले असता त्यांतील कितीतरी ग्रंथांच्या आरंभीच्या पानांवर या संग्रहालयाचा शिक्का व 'स्थलप्रत' हा शब्द आढळतो. स्थलप्रत म्हणजे संग्रहालयाबाहेर न्यावयाची नाही अशी प्रत. जी पोथी दाराबाहेर जाण्यास मनाई होती, तीच 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या योजनेतून जगभर पोहोचली. २०१७ च्या सुमारास त्या योजनेचे मूळ संकेतस्थळ बंद झाले. परंतु तत्पूर्वीच लक्षावधी ग्रंथांच्या प्रती 'इंटरनेट आर्काइव्ह'वर उतरवून घेतल्या गेल्या होत्या, म्हणूनच त्या वाचल्या. एकाच कपाटावर विसंबून राहणे किती धोक्याचे, याची शिकवण कागदी ग्रंथांना वाळवीने दिली होती. ती संगणकीय प्रतींनाही लागू पडते.

येथे कायद्याचा विचार अपरिहार्य ठरतो. १९५७ च्या लेखाधिकार अधिनियमात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राहत असे. १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत ६० वर्षे झाली. वझे १९२९ साली वारले, तेव्हा त्यांचे ग्रंथ दुरुस्तीपूर्वीच मुक्त झाले होते. पण वझ्यांसारखे ज्ञात चरित्र किती तंत्रलेखकांना लाभले? कवीची पुण्यतिथी सर्वांस माहीत. 'विजेची मोटार' या विषयावर लिहिणारा एखाद्या उद्योगशाळेचा शिक्षक केव्हा वारला हे कोणी नोंदवून ठेवलेले नसते. मृत्युवर्ष अज्ञात, म्हणून हक्क संपला की नाही हेही अज्ञात. कलम ३१-अ अन्वये परवाना मागता येतो, परंतु त्यासाठी आधी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. चाळीस पानांच्या पुस्तिकेसाठी हा खटाटोप कोण करील? माझ्या मते, तंत्रलेखकांच्या मृत्युवर्षांची सूची तयार करणे हे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास पुरेल असे काम आहे, आणि ते कोणी हाती घेतलेले नाही याचे आश्चर्य वाटते.

ग्रंथ मिळाला तरी अडचण संपत नाही. पुष्कळशा नोंदी रोमन लिपीत व अशुद्ध असल्याने मराठी नाव टाकून शोधणाऱ्यास ग्रंथ सापडत नाही. याहून गंभीर बाब आकृत्यांची. यंत्रविषयक एका पुस्तकाची प्रत प्रस्तुत लेखकाने उतरवून घेतली. मजकूर स्वच्छ होता, पण घडीचे आकृतिपत्र न उलगडताच टिपले गेल्याने दात्यांच्या चाकाची अर्धीच आकृती हाती आली. साहित्यग्रंथाचे पान पुसट झाले तर संदर्भावरून शब्द लावता येतो; मापाचा आकडा तसा लावता येत नाही. ३ की ८, हे अनुमानाने ठरवणाऱ्याचे चाक फिरणार नाही.

तोवर मूळ प्रत पाहण्यास ठाण्यातच जावे लागते. घोडबंदर रोडवरून जुन्या शहरात येण्यास, वाहनांची गर्दी असल्यास, १८५३ सालच्या त्या गाडीस बोरीबंदरहून ठाण्यास येण्यास लागला त्याहून फार कमी वेळ लागतो असे म्हणवत नाही.