ओल कोणाची?

परवा सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात भाडेकरूंचा फोन आला. "काका, बेडरूमच्या भिंतीला पुन्हा ओल आलीय. कपाटातले कपडे कुबट यायला लागलेत."

त्यातला 'पुन्हा' मला टोचला. पुण्यातला हा फ्लॅट आम्ही गुंतवणूक म्हणून घेतला. गेली तीन वर्षं पावसाळा संपला की मी पेंटरला बोलावतो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात रंग मारतो. भिंत छान दिसते, करार होतो आणि पुढच्या जुलैत तोच डाग त्याच जागी हजर! मी नेहमीप्रमाणे "पाऊस उघडू दे, बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मग एकदम आठवलं, हे वाक्य आपण आधी ऐकलंय. फक्त तेव्हा आपण फोनच्या दुसऱ्या बाजूला होतो. म्हणजे फोन नव्हताच. मेहताजी होते.

आमच्या घरातल्या जुन्या मंडळींना गिरगावातली ती खोली आठवत असेल. तिसरा मजला, वर कौलं, कोपऱ्यात मोरी. पावसाळ्यात घरात पातेली मांडलेली असत आणि कोणतं कुठे ठेवायचं हे आजीला पाठ होतं. दर महिन्याला मालकाचे मेहताजी भाडं न्यायला येत. १९७४ सालच्या पावसाळ्यात आजोबांनी त्यांना वरचं छप्पर दाखवलं. मेहताजींनी पावती फाडली, छत्री उचलली आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमचं भाडं साडेबारा रुपये. कौलं चाळणारा दिवसाचे किती घेतो, ते विचारून ठेवा. पाऊस उघडू दे, बघतो."

आजोबा दिवसभर चिडलेले होते. मालक म्हणजे लबाड, हा आमच्या घरातला सिद्धांत तेव्हापासून पक्का झाला. पण पुढे या विषयावर थोडंफार वाचलं तेव्हा कळलं, की गोष्ट एवढी सोपी नव्हती.

मुंबईतल्या बऱ्याच चाळी मुळात गुंतवणूक म्हणूनच बांधल्या गेल्या. गिरण्या आल्या, माणसं आली, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या. ओलीचा प्रश्नही तेवढाच जुना. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा रोगाचं घर अंधाऱ्या, दमट खोल्यांतच आहे असं सरकारला वाटत होतं. मग ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली, भिंतींना चुना फासला, आणि राहायला नालायक ठरलेल्या घरांवर 'यूएचएच' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे नंतर सिद्ध झालं. म्हणजे ओल त्या गुन्ह्यात मुख्य आरोपी नव्हती! पण भाड्याच्या घरातली भिंत ही फक्त मालकाची खाजगी बाब नाही, हे त्या निमित्ताने शहराला कळलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला तो यातूनच.

मग भाड्याचे कायदे आले. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली आणि भाडी भडकली, म्हणून १९१८ मध्ये त्यांना पहिल्यांदा लगाम घातला गेला. दुसऱ्या युद्धात तीच पाळी पुन्हा आली, आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. त्या काळात हे गरजेचंच होतं. नाहीतर आजोबांसारखा शाळामास्तर गिरगावात टिकलाच नसता. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली होती. पण भाडं थांबलं तरी पाऊस थांबत नाही, आणि कौलं, चुना, लाकूड, मजुरी यांचे भाव १९४० ला राहत नाहीत. मेहताजींचा हिशोब हाच होता.

शिवाय पागडी होती. जुना भाडेकरू जाऊन नवा आला की हातावर जी रक्कम ठेवली जाई, तीत मालकाला खरी कमाई. (पुढे १९९९ च्या कायद्याने तिला रीतसर मान्यताही दिली.) म्हणजे भिंत कोरडी ठेवून मालकाला काही मिळत नव्हतं, मिळायचं ते माणूस बदलल्यावर. भाडेकरूही म्हणे, दुसऱ्याच्या घरावर मी का खर्च करू? दोघांचंही बरोबर होतं आणि मधल्या मध्ये पाणी मुरत होतं.

ते कसं मुरतं, हेही सांगतो. जुन्या चाळींचा सांगाडा लाकडी, त्यात विटांच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा. तुळयांची टोकं भिंतीत घुसवलेली असतात. मोरीतलं पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली उतरतं आणि नेमकं त्या टोकाशी जाऊन बसतं. तिथे ऊन नाही, वारा नाही. लाकूड आतल्या आत कुजतं, वाळवी लागते, बाहेरून मात्र तुळई धडधाकट दिसते. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीची ओल निदान बाहेर पडून सुकते. पुढे ठिगळं लावताना लोकांनी वरून सिमेंट थापलं आणि ती वाटही बुजवली. भिंतीवर पांढरा लोणा फुटतो, ती खरं तर पाण्याने लिहिलेली चिठ्ठीच असते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आपण ती चिठ्ठी वाचत नाही, वरून रंग लावतो.

शेवटी १९६९ मध्ये सरकारने मान्य केलं, की मालक आणि भाडेकरू यांच्यावर सोडून हे सुटणार नाही. इमारत दुरुस्तीसाठी वेगळा कायदा झाला, मंडळ आलं, उपकर बसला. तेव्हा या योजनेत १९,६४२ इमारती होत्या आणि त्यांतल्या १६,५०२ तर सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झालं. आमची चाळही 'उपकरप्राप्त' झाली. आजोबांना हा शब्द फार आवडे. "उपकार प्राप्त झाले, आता टेकू प्राप्त होतील," म्हणायचे. आणि झालेही! जिन्याखाली लावलेले ते लाकडी टेकू आम्हा मुलांचे लपाछपीचे खांब होते. त्यांच्या जोरावर आपलं घर उभं आहे हे आमच्या गावीही नव्हतं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की भाडं असं कायमचं गोठवणं काळाच्या ओघात अन्यायकारक झालंय. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. पण साडेबारा रुपयांवर चार टक्के म्हणजे आठ आणे! साठ वर्षं मुरलेलं पाणी त्याने कसं उपसणार? २०१७ मध्ये २९ ऑगस्टला मुंबईत प्रचंड पाऊस झाला आणि ३१ तारखेला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसं गेली. ती बातमी बघताना मला जिन्याखालचे टेकू दिसत होते.

असो. इतकं सगळं आठवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मेहताजींकडे निदान साडेबारा रुपयांची सबब होती. माझं भाडं बाजारभावाने येतं, करार अकरा महिन्यांचा, दरवेळी वाढही मिळते. मला कुठल्याही कायद्याने अडवलेलं नाही. तरी मी तेच केलं. रंगाचा खर्च माझ्या हिशोबात बसत होता आणि ओल दुसऱ्याच्या कपाटात बसत होती. इतकंच.

त्या दिवशी संध्याकाळी स्वतः जाऊन आलो. कपाट पुढे ओढलं तर मागे हातभर काळी बुरशी! भाडेकरूंच्या मुलीची वह्या-पुस्तकं त्याच कपाटाच्या खालच्या खणात होती. मी काही बोलण्याआधी तिची आई म्हणाली, "आम्ही हलवतोच आहोत पुस्तकं, काका." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्तच ओशाळलो.

मग पेंटरऐवजी गवंड्याला बोलावलं. त्याने गिलावा फोडला. बाहेरच्या बाजूला कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे उभी चीर होती, पाणी तिथून येत होतं. आधी ती बाहेरून बुजवायची, मग भिंत पूर्ण सुकू द्यायची, आणि गिलावा-रंग सगळ्यात शेवटी. मी तीन वर्षं हे सगळं उलट्या क्रमाने करत होतो. खर्च चार महिन्यांच्या भाड्याएवढा सांगितलाय. भिंत सुकेपर्यंत त्या खोलीचं भाडं धरायचं नाही, असं मी भाडेकरूंना कळवलं.

आजोबा असते तर म्हणाले असते, "फार मोठा पराक्रम केलास." खरंय. तीन पावसाळे उशीर झाला.

गिरगावातल्या त्या खोलीत पातेल्यांत पडणाऱ्या थेंबांचा आवाज कोणाकोणाला आठवतोय? आत्या, तुला नक्की आठवत असेल. पितळेच्या पातेल्याचा वेगळा यायचा ना?