रस्ता अपघात : उपचार, कागदपत्रं आणि भरपाईचा दावा

घरातला कमावता माणूस अपघातात जखमी झाला की समोरची पार्टी म्हणते, "आपसात मिटवून टाकू." दहा-वीस हजार हातावर ठेवले जातात, पोलिसांत नोंद होत नाही आणि पुढे ऑपरेशनचा सगळा खर्च घरावर येतो. म्हणून घाईने तडजोड करू नका.

आधी १०८ ला फोन करून जखमीला दवाखान्यात न्या. तिथे कारण 'रस्ता अपघात' असंच नोंदवून घ्या. "घरात पडला" असं लिहिलं गेलं तर दावा अडतो. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि उत्पन्नाचा पुरावा एका फाइलमध्ये ठेवा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघात कुठेही झाला तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, उशीर नको.

कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. चूक दाखवता आली तर कलम १६६ खाली वय, उत्पन्न आणि अपंगत्व पाहून रक्कम ठरते.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करा. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.