एल क्वार्तेलेहो : गवताळ प्रदेशातील प्वेब्लो वसाहत

अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, स्कॉट सिटी या गावाच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर एका दगडी इमारतीचा पाया आहे. सात खोल्यांची ही वास्तू सतराव्या शतकात येथे आश्रयास आलेल्या प्वेब्लो लोकांची मानली जाते. ‘एल क्वार्तेलेहो’ हे नाव सैन्याच्या बराकीसाठी असलेल्या स्पॅनिश शब्दावरून आले आहे.

प्वेब्लो हे मूळचे न्यू मेक्सिकोतील, मातीच्या वा दगडी घरांच्या गावांत राहणारे शेतकरी. १५९८ मध्ये तेथे स्पॅनिश वसाहत स्थापन झाल्यावर त्यांच्यामागे मका आणि कापडाची सक्तीची वसुली आणि वेठबिगार लागली. धर्मोपदेशकांनी त्यांचे पारंपरिक विधी बंद पाडण्याचा प्रयत्न केला. या जाचाला कंटाळून ताओस गावातील काही कुटुंबे शतकाच्या मध्यास पूर्वेकडील गवताळ मैदानात अपाची टोळ्यांच्या आश्रयाला गेली. हुआन दे आर्चुलेता याने त्यांना परत आणले.

१६८० च्या प्रसिद्ध उठावात प्वेब्लोंनी स्पॅनिशांना बारा वर्षे प्रांताबाहेर ठेवले. परंतु दिएगो दे वार्गास याने १६९२ पासून प्रांत पुन्हा ताब्यात घेण्यास सुरुवात केली. १६९६ चा दुसरा उठाव फसला, तेव्हा पिकुरिसचे रहिवासी आपला नेता लोरेन्झो तुपातू याच्यासह मैदानाकडे निघाले. वार्गासने पाठलाग करून अनेकांना पकडले; उरलेले अपाचींबरोबर निसटले. पण तेथे ते पाहुणे राहिले नाहीत, जवळजवळ गुलाम झाले. अखेर त्यांनी साहाय्याची याचना केली, ती ज्यांच्यापासून पळाले त्यांच्याकडेच!

१७०६ च्या जुलैमध्ये हुआन दे उलिबारी चाळीस सैनिक व शंभर मित्र आदिवासी घेऊन सांता फेहून निघाला. एल क्वार्तेलेहो येथे अपाचींनी त्याचे स्वागत केले. त्याने हा प्रदेश स्पेनच्या राजाच्या नावे ताब्यात घेतल्याची घोषणा केली आणि लोरेन्झोसह बासष्ट जणांना परत नेले. स्पॅनिश कागदपत्रांत ही ‘सुटका’ आहे. परतणाऱ्यांना ती तशीच वाटली का, हा प्रश्न मात्र उरतो, कारण त्यांचा स्वतःचा लेखी वृत्तान्त नाही. अपाचींकडे फ्रेंच बंदुका आढळल्याने स्पॅनिश अधिकारी विशेष सावध झाले. १७२० मध्ये पेद्रो दे व्हियासूर याची तुकडी फ्रेंचांच्या हालचालींचा माग काढण्यासाठी याच वाटेने गेली आणि आजच्या नेब्रास्कात पॉनी व ओटो योद्ध्यांच्या हल्ल्यात ती जवळजवळ नष्ट झाली. पुढे कोमँचींच्या दबावाने अपाचीही हा प्रदेश सोडून गेले.

१८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठाचे सॅम्युएल विलिस्टन व एच. टी. मार्टिन यांनी येथे उत्खनन केले. जाड दगडी भिंती, जळालेले मक्याचे दाणे, दळण्याचे दगड, हाडांची अवजारे आणि खापरे मिळाली. झऱ्याचे पाणी शेतास नेणारे पाटही दिसले. सापडलेल्या वस्तूंत बराचसा भाग अपाची संस्कृतीचा आहे. घर प्वेब्लो पद्धतीचे, भांडी बहुतांशी अपाची. म्हणजे दोन समाज येथे किती जवळ राहत होते याची ही खूणच. अर्थात कागदोपत्रीचे एल क्वार्तेलेहो हेच, की पश्चिमेस कोलोरॅडोत कोठे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. १९६४ मध्ये या स्थळास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पायाची पुनर्रचना केलेले हे अवशेष स्कॉट तलावाच्या उद्यानात पाहता येतात. ताओस आणि पिकुरिस ही दोन्ही गावे मात्र न्यू मेक्सिकोत आजही नांदती आहेत.