काचेच्या कॅथीड्रलचे दिवाळे

धर्मसंस्थेचा इतिहास लिहिताना आपण तिची प्रवचने वाचतो, जमाखर्च सहसा वाचत नाही. कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह येथील ‘क्रिस्टल कॅथीड्रल’बाबत मात्र जमाखर्च वाचल्यावाचून प्रवचनाचा अर्थ लागत नाही.

१९५५ साली रॉबर्ट शुलर या धर्मोपदेशकाने, मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या एका खुल्या चित्रपटगृहात, उपाहारगृहाच्या छपरावर उभे राहून उपासना सुरू केली. १९७० पासून त्यांची प्रवचने ‘अवर ऑफ पॉवर’ या कार्यक्रमातून घरोघरी पोहोचली. १९८० साली वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी दहा हजारांहून अधिक काचांचे प्रार्थनामंदिर उभारले. पापाच्या जाणिवेपेक्षा आत्मविश्वासावर भर देणारी शुलर यांची शिकवण त्या पारदर्शक भिंतींतून जणू दृश्यरूप झाली.

या वैभवाचा मोठा आधार दूरस्थ प्रेक्षकांच्या देणग्या हा होता. देणगी ऐच्छिक असते. प्रक्षेपणाचा खर्च, वेतने आणि कर्जाचे हप्ते ऐच्छिक नसतात. २००८ च्या मंदीत ही विसंगती उघडी पडली. त्याच वर्षी शुलर यांच्या मुलाला प्रक्षेपणातून दूर केले गेले आणि वारसाहक्काचा कलह चव्हाट्यावर आला. देणग्या घटल्या, नोकरकपात झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा कर्ज चार कोटी डॉलरांहून अधिक होते. देणे थकलेल्यांत तिच्या नाताळच्या भव्य नाट्यप्रयोगांना साहित्य पुरवणारे छोटे व्यावसायिकही होते. आशेचा संदेश ऐकवणाऱ्या व्यासपीठाचा भार शेवटी त्यांच्या खांद्यांवर पडला.

ही वास्तू ऑरेंजच्या रोमन कॅथलिक धर्मप्रांताने ५ कोटी ७५ लाख डॉलरांना विकत घेतली. २०१३ मध्ये शुलर यांची मंडळी जवळच्याच एका लहान कॅथलिक चर्चच्या इमारतीत गेली आणि तेथील कॅथलिक मंडळी या परिसरात आली. २०१९ मध्ये ‘क्राइस्ट कॅथीड्रल’ या नावाने मंदिराचे पुन्हा समर्पण झाले.

दिवाळ्याचा सगळा दोष मंदीच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु मंदीने येथे एक जुनाच भेद स्पष्ट केला. प्रेक्षकवर्ग आणि मंडळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेक्षक पडदा बंद करून उठून जाऊ शकतो. मंडळी मात्र काचेचे छप्पर गेल्यावरही, थोडीशी का होईना, एकत्र राहते.