मॉक (लेगो बांधणी)

मॉक म्हणजे लेगो किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या खेळण्यातील ठोकळ्यांपासून, कंपनीने दिलेल्या सूचनापुस्तिकेचा आधार न घेता, स्वतःच्या कल्पनेनुसार घडवलेली प्रतिकृती. 'माय ओन क्रिएशन' या इंग्लिश शब्दसमूहाच्या आद्याक्षरांवरून ही संज्ञा रूढ झाली. इमारती, वाहने, आगगाड्या, जहाजे, प्राणी, भित्तिचित्रे, चालती यंत्रे आणि छोट्या मानवाकृती असे सर्व प्रकार या छंदात मोडतात. हा छंद प्रौढांमध्ये विशेष प्रचलित असून अशा प्रौढ छंदिष्टांना 'एफॉल' असे म्हणतात. ही संज्ञाही 'अ‍ॅडल्ट फॅन ऑफ लेगो' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनली आहे.

इतिहास

ओले कर्क ख्रिश्चनसन या सुताराने डेन्मार्कमधील बिलुंड या गावी १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवण्यास प्रारंभ केला. १९३४ मध्ये त्याने आपल्या व्यवसायास 'लेगो' हे नाव दिले. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या 'लेग गॉट' या डॅनिश शब्दांवरून ते घेतले आहे. कंपनीने १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे पहिले ठोकळे बाजारात आणले. त्यांची रचना हिलरी पेज या ब्रिटिश खेळणीकाराच्या 'किडीक्राफ्ट' ठोकळ्यांवर बेतलेली होती. हे ठोकळे आतून पोकळ असल्याने त्यांची पकड सैल राही व उंच रचना सहज ढासळत असे.

ओले कर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड कर्क ख्रिश्चनसन यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी पोटात नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वरच्या ठोकळ्याच्या नळ्या आणि भिंती यांच्या बेचक्यात खालच्या ठोकळ्याचे गोल उंचवटे घट्ट बसतात, हे या रचनेचे तत्त्व होय. आजचा ठोकळा १९५८ च्या ठोकळ्यावर बसतो. १९६३ पासून सेल्युलोज अ‍ॅसिटेटऐवजी एबीएस हे अधिक टिकाऊ व आकार न बदलणारे प्लॅस्टिक वापरले जाऊ लागले.

मुले प्रारंभापासूनच स्वतःच्या मनाने बांधत आली असली, तरी प्रौढांचा संघटित छंद म्हणून मॉक बांधणीचा प्रसार १९९० च्या दशकात महाजालामुळे झाला. त्याआधी एकेकटे असलेले छंदिष्ट छायाचित्रांच्या देवाणघेवाणीतून परस्परांना ओळखू लागले. १९९८ मध्ये 'लगनेट' हे त्यांचे महत्त्वाचे महाजालीय केंद्र सुरू झाले. पुढे अनेक शहरांत स्थानिक गट स्थापन झाले व अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील 'ब्रिककॉन', शिकागो परिसरातील 'ब्रिकवर्ल्ड' आणि डेन्मार्कमधील स्कायरबेक येथील मेळावा यांसारखी प्रदर्शने भरू लागली. बिलुंड येथे २०१७ मध्ये उघडलेल्या 'लेगो हाउस' या वास्तूच्या वरच्या मजल्यावरील दालनात छंदिष्टांनी बांधलेल्या प्रतिकृती प्रदर्शित केल्या जातात.

मापे व भूमिती

लेगो ठोकळ्यांवरील गोल उंचवट्यांना स्टड म्हणतात. शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधील अंतर ८ मिलिमीटर असते. पूर्ण ठोकळ्याची उंची, स्टड वगळता, ९.६ मिलिमीटर असते. 'प्लेट' या चपट्या तुकड्याची उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे ठोकळ्याच्या नेमकी एकतृतीयांश असते. त्यामुळे तीन प्लेट एकावर एक ठेवल्यास एका ठोकळ्याची उंची भरते. तसेच पाच प्लेटची उंची १६ मिलिमीटर, म्हणजे दोन स्टडच्या रुंदीइतकी होते. आडव्या व उभ्या दिशांतील मापे जुळवण्यासाठी हे शेवटचे समीकरण विशेष उपयोगी पडते.

थोडक्या तुकड्यांतूनही प्रचंड विविधता निर्माण होते. एकाच रंगाचे, दोन गुणिले चार स्टडचे सहा ठोकळे परस्परांना ९१,५१,०३,७६५ वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स व त्यांच्या सहकाऱ्याने संगणकाच्या साहाय्याने ही संख्या काढली. कंपनी पूर्वी देत असलेला सुमारे १०.३ कोटींचा आकडा केवळ सहा ठोकळ्यांच्या उंचीच्या मनोऱ्यांचाच होता.

बांधणीची तंत्रे

पारंपरिक बांधणीत सर्व स्टड वरच्या दिशेस असतात. स्टड बाजूस, खाली किंवा तिरप्या दिशेस वळवून केलेल्या बांधणीस 'स्नॉट' म्हणतात. 'स्टड्स नॉट ऑन टॉप' या शब्दांचे हे लघुरूप आहे. कंस आणि बाजूस स्टड असलेले ठोकळे वापरून दिशा बदलली जाते. याद्वारे गुळगुळीत भिंती, अक्षरे व वाहनांचे वक्र पृष्ठभाग साधता येतात. एकच स्टड मध्यभागी असलेल्या 'जम्पर' प्लेटमुळे रचना अर्ध्या स्टडने, म्हणजे ४ मिलिमीटरने सरकवता येते. खिडक्या व दारे भिंतीच्या किंचित आत बसवण्यासाठी हे तंत्र नेहमी वापरले जाते.

एखाद्या तुकड्याचा मूळ हेतूहून निराळा उपयोग करणे हे या छंदातील कौशल्याचे लक्षण मानले जाते. मानवाकृतीची टोपी दिव्याची छत्री म्हणून, तर केळ्याच्या आकाराचा तुकडा इमारतीवरील नक्षी म्हणून वापरला जातो. अवकाशयानांच्या पृष्ठभागावर बारीकसारीक तुकडे बसवून यांत्रिक गुंतागुंतीचा आभास निर्माण करण्यास 'ग्रीब्लिंग' म्हणतात.

ज्या जोडणीत तुकड्यांवर ताण येतो किंवा ते वाकतात, तिला छंदिष्ट 'बेकायदा जोडणी' असे गमतीने म्हणतात. त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे दोन स्टडमधील फटीत प्लेट उभी खोवणे. ८ मिलिमीटरच्या अंतरातून स्टडचा ४.८ मिलिमीटरचा व्यास वजा केल्यास ३.२ मिलिमीटरची फट उरते व प्लेटची जाडीही तेवढीच असते. मोकळीक मुळीच न उरल्याने तुकड्यावर दाब येतो. कंपनीच्या अधिकृत संचांत अशा जोडण्या टाळल्या जातात. मॉकमध्ये त्या वापरायच्या की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. मात्र दीर्घकाळ मांडून ठेवायच्या प्रतिकृतीत त्यांमुळे तुकड्यांना तडे जाण्याचा संभव असतो.

मानवाकृती

लेगोची आजची मानवाकृती १९७८ मध्ये बाजारात आली. तिची रचना येन्स न्यूगोर्ड क्नुडसन यांनी केली. टोपी वा केस वगळता तिची उंची सुमारे ४ सेंटिमीटर असते. डोके, दोन हात, दोन पंजे व दोन पाय हे तिचे भाग हलतात. आरंभी सर्वच आकृत्यांचा रंग पिवळा आणि चेहरा दोन ठिपके व एक स्मितरेषा एवढाच असे. १९८९ मधील समुद्री चाच्यांच्या मालिकेपासून निरनिराळे चेहरे आले, तर २००३ पासून काही आकृत्यांना प्रत्यक्ष त्वचेचे रंग देण्यात आले.

उंचीच्या मानाने ही आकृती माणसापेक्षा बरीच रुंद असते. त्यामुळे तिच्या प्रमाणात बांधलेल्या मॉकचे नेमके गुणोत्तर ठरवणे कठीण जाते. उंचीनुसार मोटारगाडी बांधल्यास दोन आकृत्या शेजारी बसत नाहीत आणि रुंदीनुसार बांधल्यास गाडी घरांपुढे अवाढव्य दिसते. बहुतेक छंदिष्ट गाड्यांसाठी सहा वा आठ स्टडची रुंदी ठरवून ती आपल्या संपूर्ण नगररचनेत कायम ठेवतात.

स्वतःच्या पसंतीची आकृती बनवण्याचे अनेक मार्ग आहेत. निरनिराळ्या आकृत्यांची डोकी, धड, पाय व केस यांची अदलाबदल करणे हा त्यांतील सर्वांत सोपा होय. त्यापुढील मार्ग म्हणजे अ‍ॅक्रिलिक रंगांनी रंगवणे, पाण्याने चिकटणारी चित्रपटले लावणे, यंत्राने छपाई करणे, कापडी झगे चढवणे आणि त्रिमितीय मुद्रणाने वा साच्यातून उपसाधने तयार करणे. लेगो कंपनी आधुनिक युद्धसामग्रीची वास्तवदर्शी खेळणी सहसा बनवत नाही. २०२० मध्ये लष्करी वापराच्या ऑस्प्रे विमानाचा संच तिने टीकेनंतर विक्रीपूर्वीच मागे घेतला. परिणामी सैनिकी आकृत्यांची शस्त्रे व शिरस्त्राणे बनवणारे स्वतंत्र लघुउद्योग उदयास आले आहेत.

यावरून छंदिष्टांत दोन पक्ष पडतात. कंपनीचे तुकडे न कापता, न रंगवता व न चिकटवता वापरावेत असे मानणाऱ्यांना 'प्युरिस्ट' म्हणतात. त्यांच्या मते मर्यादित तुकड्यांतून मार्ग काढणे हेच या छंदाचे मर्म आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते ठोकळे हे केवळ साधन असून अपेक्षित रूप महत्त्वाचे आहे. काही स्पर्धांत या दोहोंसाठी निरनिराळे नियम असतात.

आरेखन व सुटे भाग

जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये 'एलड्रॉ' ही प्रणाली तयार केली. तीत प्रत्येक तुकड्याचे संगणकीय वर्णन असून त्यांवरून पडद्यावर प्रतिकृती जुळवता येते. जेसिमन यांचे १९९७ मध्ये निधन झाले. पुढे स्वयंसेवकांनी ही प्रणाली वाढवत नेली. लेगो कंपनीची 'डिजिटल डिझायनर' ही प्रणाली २००४ ते २०२२ या काळात उपलब्ध होती. सध्या 'स्टुडिओ' ही प्रणाली अधिक वापरली जाते. आधी पडद्यावर बांधणी केल्याने लागणाऱ्या तुकड्यांची यादी मिळते. मात्र पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसल्याने तेथे उभी राहिलेली रचना प्रत्यक्षात टिकेलच असे नाही.

सुट्या तुकड्यांच्या खरेदीविक्रीसाठी २००० मध्ये डॅन येझेक यांनी सुरू केलेली 'ब्रिकलिंक' ही महाजालीय बाजारपेठ छंदाच्या वाढीस कारणीभूत ठरली. २०१९ मध्ये ती लेगो कंपनीने विकत घेतली. रंगांची उपलब्धता हा खरेदीतील कळीचा प्रश्न असतो. एखादा तुकडा एका रंगात विपुल, तर दुसऱ्या रंगात कधीच बनलेला नसतो. २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडी व तपकिरी रंगांच्या छटा बदलल्या. जुन्या व नव्या छटा एकाच भिंतीत जुळेनाशा झाल्याने वर्षानुवर्षे साठवलेले संग्रह दुभंगले व छंदिष्टांत मोठी नाराजी पसरली.

कंपनीशी संबंध

छंदिष्टांच्या कल्पना अधिकृत संचांत रूपांतरित होण्याची उदाहरणे आहेत. शिकागो येथील वास्तुविशारद अ‍ॅडम रीड टकर यांच्या गगनचुंबी इमारतींच्या प्रतिकृतींतून २००८ मध्ये 'लेगो आर्किटेक्चर' ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी जपानमध्ये आरंभ झालेला 'कुसू' हा उपक्रम २०११ मध्ये जगभर खुला झाला व २०१४ पासून 'लेगो आयडियाज' या नावाने ओळखला जाऊ लागला. यात १०,००० जणांचा पाठिंबा मिळवणारी कल्पना कंपनी तपासते. ती स्वीकारली गेल्यास मूळ रचनाकारास निव्वळ विक्रीच्या १ टक्का मोबदला मिळतो. २०१४ मधील महिला शास्त्रज्ञांचा संच व २०१७ मधील सॅटर्न ५ अग्निबाणाचा संच यांतूनच आले. सॅटर्न ५ च्या संचात, मानव चंद्रावर उतरला त्या वर्षाशी जुळणारे, १,९६९ तुकडे आहेत.

कायदेशीर बाजू

मूळ ठोकळ्याच्या पेटंटांची मुदत संपल्यानंतर इतर उत्पादकांनी त्याच मापांचे ठोकळे बनवले. ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून सुरक्षित ठेवण्याचे लेगो समूहाचे प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयात २०१० मध्ये अपयशी ठरले. तांत्रिक कार्यासाठी आवश्यक असलेल्या आकारावर व्यापारचिन्हाद्वारे कायमची मक्तेदारी मिळू शकत नाही, हे तत्त्व या निकालांमागे होते. मानवाकृतीच्या आकाराचे व्यापारचिन्ह मात्र युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने २०१५ मध्ये वैध ठरवले. त्यामुळे जुळणारे ठोकळे कोणीही बनवू शकत असला, तरी युरोपात मानवाकृतीची हुबेहूब नक्कल विकता येत नाही.

मॉक रचनाकारांपुढील प्रश्न याहून वेगळा आहे. अनेकजण आपल्या प्रतिकृतींच्या बांधणीसूचना 'रीब्रिकेबल'सारख्या संकेतस्थळांवर विनामूल्य वा अल्प मूल्यात देतात. काही विक्रेते रचनाकाराची परवानगी न घेता त्याच्या छायाचित्रांचा व सूचनांचा वापर करून तयार संच विकतात. सूचना व छायाचित्रे यांना प्रताधिकाराचे संरक्षण असले, तरी परदेशातील विक्रेत्याविरुद्ध दाद मागण्याचा खर्च व्यक्तीस परवडणारा नसतो. यामुळे काही रचनाकार सूचना प्रसिद्ध करणेच टाळतात.

जतन

एबीएस प्लॅस्टिक सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पिवळे पडते. पांढऱ्या व राखाडी तुकड्यांत हा बदल ठळक दिसतो. म्हणून प्रतिकृती थेट उन्हात ठेवू नयेत. ठोकळे कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतात. अ‍ॅसिटोनमुळे एबीएस विरघळते, त्यामुळे ते असलेले नखरंगनाशक सफाईसाठी वापरू नये. बारीक तुकडे घशात अडकण्याचा धोका असल्याने ते तीन वर्षांखालील मुलांपासून दूर ठेवणे आवश्यक असते.

भारत

भारतीय वास्तूंपैकी ताजमहालाची प्रतिकृती लेगोने २००८ मध्ये काढली. ५,९२२ तुकड्यांचा हा संच २०१७ मध्ये किरकोळ बदलांसह पुन्हा बाजारात आला. भारतात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. तसेच १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन बंधनकारक झाले. परदेशी विक्रेत्यांकडून सुटे तुकडे मागवताना त्यांच्या किमतीबरोबरच वाहतूकखर्च व शुल्क यांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे हाताशी असलेले संच मोडून त्यांतून नवी बांधणी करणे हा प्रारंभ करणाऱ्यासाठी कमी खर्चाचा मार्ग ठरतो.

हे सुद्धा पहा

लेगो
बिलुंड
मेकॅनो