धरणांनी घडवलेला हंगाम

फेब्रुवारी सरत आला की अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागात सार्डिस, ईनिड आणि ग्रेनाडा या जलाशयांवर भल्या पहाटे होड्या उतरू लागतात. झाडांना अजून पालवी नसते आणि हातमोजे काढले की बोटं बधिर होतात. तरीही गळकरी येतात, ते क्रॅपीसाठी. हा गोड्या पाण्यातला चपटा, चंदेरी मासा. अंगावर काळसर ठिपके, वजन बहुतेक वेळा अर्ध्या किलोच्या आतबाहेर. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली क्रॅपी म्हणजे तिथल्या घरांत पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा पदार्थ. ऐन थंडीच्या अखेरीस ती धरायला निघण्याची चाल मात्र वाटते तितकी पुरातन नाही. ऋतूने तिला जेवढं घडवलं, तेवढंच धरणांनी आणि एका बदललेल्या नियमाने घडवलं.

क्रॅपीच्या जाती दोन, पांढरी आणि काळी. पाठीवरच्या परातले टोकदार काटे मोजले की ओळख पटते: पांढरीला पाच-सहा, काळीला सात-आठ. दोन्हींच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चढतं-उतरतं. पाणी पाच-सात अंश सेल्सिअसवर असतं तेव्हा हे मासे धरणात बुडालेल्या नदीच्या जुन्या पात्रात, खोल जागी थव्याने थांबतात. हालचाल मंद, खाणं बेताचं. पाण्याने दहा अंश ओलांडले की थवे ओढ्यांच्या मुखाकडे सरकू लागतात आणि वाटेतल्या बुडीत खोडांशी, झुडपांशी मुक्काम करत पुढे जातात. सोळा ते वीस अंशांच्या दरम्यान वीण होते, तीही उथळ पाण्यात. नर आधी पोचतात. त्यांचा रंग गडद होत जातो, ते तळाशी जागा साफ करतात आणि मादीने अंडी घातल्यावर राखण करत तिथेच थांबतात. थंडीच्या अखेरीस गळाला लागणाऱ्या मादीच्या पोटात गाभोळी भरत आलेली असते.

पाणी सगळीकडे एकाच वेळी तापत नाही, आणि जाणत्या गळकऱ्याची परीक्षा इथेच होते. उत्तरेकडच्या काठाला दक्षिणेकडे झुकलेला सूर्य दिवसभर मिळतो, म्हणून तिथलं पाणी आधी उबदार होतं. गढूळ पाणी नितळ पाण्यापेक्षा लवकर ऊन शोषतं. सलग दोन-तीन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला, तर पृष्ठभागावरचं ऊबदार पाणी समोरच्या काठाला जाऊन साठतं. दुपारपर्यंत एखाद्या खाडीसारख्या आत शिरलेल्या कोपऱ्यात पारा दोन-तीन अंशांनी चढलेला असतो आणि मासे तिथे जमलेले असतात. रात्री थंडीची लाट आली, की सकाळी तोच कोपरा रिकामा.

थर्मामीटर हाताशी नव्हता तेव्हा ही खूण झाडं देत. रेडबडच्या पर्णहीन फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं आली की तयारीला लागायचं, डॉगवूड पांढऱ्या फुलांनी भरलं की मासा उथळ पाण्यात आला असं समजायचं. जमीन आणि पाणी एकाच सूर्याने तापत असल्यामुळे हा ठोकताळा बऱ्यापैकी जमतो.

या परंपरेचं एक जुनं ठिकाण म्हणजे टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं रीलफूट तळं. १८११-१२ च्या हिवाळ्यात न्यू मॅड्रिड परिसरात भूकंपांची मालिका झाली. ७ फेब्रुवारी १८१२ च्या मोठ्या धक्क्याच्या सुमारास इथली जमीन खचली, ओढ्याची वाट अडली आणि सायप्रसचं जंगल पाण्याखाली गेलं. तळ्याची सरासरी खोली पुरुषभरही नाही, त्यामुळे ते लवकर तापतं. तळभर उभे असलेले बुंधे मात्र साधी होडी फोडून टाकतात. त्यावर तिथल्या कारागिरांनी दोन्ही टोकांना निमुळती होणारी सायप्रसची होडी घडवली. तिच्या वल्ह्यांना मध्ये बिजागरीसारखा सांधा असतो. एरवी वल्हवणाऱ्याची पाठ जाण्याच्या दिशेला असते, इथे तो समोर बघत वल्हवतो आणि बुंधा दिसताच होडी वळवतो. कॅल्हून घराण्याने पिढ्यान् पिढ्या या होड्या बांधल्या. त्या घराण्यातले डेल कॅल्हून यांना १९९८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली.

इथली मासेमारी पोटापाण्याची होती, हौसेची नव्हे. एका जमीन कंपनीने तळ्यावर मालकी सांगून मासेमारीवर अटी घातल्या, तेव्हा मुखवटे घातलेल्या स्थानिकांच्या टोळ्या उठल्या. ऑक्टोबर १९०८ मध्ये त्यांनी कंपनीशी संबंधित वकील क्वेंटिन रँकिन यांची हत्या केली. राज्यपालांना सैनिक पाठवावे लागले. पुढच्या न्यायालयीन लढ्यानंतर तळं सार्वजनिक ठरलं.

तळ्याकाठी वाढलेली क्रॅपी धरण्याची ही कला राज्याराज्यांत पसरली ती एका आपत्तीनंतर. १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीने बांध फोडले. सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर मुलूख बुडाला आणि सहा लाखांहून अधिक माणसं बेघर झाली. त्यानंतरच्या पूरनियंत्रण कायद्यांखाली लष्कराच्या अभियंत्यांनी मिसिसिपी राज्यात चार धरणं उभारली: लिटल टॅलाहॅची नदीवर सार्डिस (१९४०), कोल्डवॉटरवर आर्काबटला (१९४३), योकोनावर ईनिड (१९५२) आणि यालोबुशावर ग्रेनाडा (१९५४). हेतू एकच, खालच्या याझू खोऱ्यातली कापसाची शेतं वाचवायची. माशांचा विचार त्या आराखड्याच्या केंद्रस्थानी नव्हता.

पण पूरनियंत्रणाच्या धरणाला हिवाळ्यात जागा मोकळी ठेवावी लागते, आणि तीच गोष्ट क्रॅपीच्या पथ्यावर पडली. सार्डिसची पातळी उन्हाळ्यात समुद्रसपाटीपासून २६० फुटांवर राखतात, हिवाळ्यात ती २३६ फुटांपर्यंत उतरवतात. पाण्याचा पसारा सुमारे १३ हजार हेक्टरवरून चार हजारांवर येतो. मासे आटलेल्या पाण्यात दाटीने एकत्र येतात. उघड्या पडलेल्या तळावर फिरून गळकरी खोडं कुठे आहेत, ओढा कुठे वळतो हे डोळ्यांनी पाहून ठेवतात. मग थंडी ओसरू लागते, दरवाजे नियमाने आवरले जातात आणि पाणी चढू लागतं. तापमान आणि पातळी जोडीने वाढतात. काठची झुडपं पाण्यात जातात आणि विणीला आलेला मासा त्यांच्यात शिरतो. नव्याने बुडालेल्या जमिनीतून पाण्यात भरपूर खाद्य उतरतं, म्हणून कोवळ्या वयाच्या जलाशयांत मासे झपाट्याने वाढतात. ईनिड अवघं पाच वर्षांचं असताना, ३१ जुलै १९५७ रोजी, तिथे ५ पौंड ३ औंसांची, म्हणजे सुमारे २.३५ किलोची पांढरी क्रॅपी गळाला लागली. तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही.

पाणी होतं, मासे होते, पण टेनेसीत ते वसंतात धरायला मुभा नव्हती. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते, तशीच तिथे विणीच्या काळात गळ टाकायला बंदी असे. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचे मत्स्यशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. एश्मायर यांनी क्लिंच नदीवरच्या नॉरिस जलाशयाचा अभ्यास केला. गळाने काढलेले मासे एकूण साठ्याच्या मानाने फार थोडे आणि बहुतेक मासे वय होऊन तसेच मरतात, असं त्यांना आढळलं. एकेक मादी हजारोंनी अंडी घालते, तेव्हा एवढ्या मोठ्या जलाशयात उणीव पिल्लांची नसून त्यांना पुरेल इतक्या खाद्याची असते. १९४४ मध्ये नॉरिस वर्षभर खुलं झालं आणि पाठोपाठ इतर जलाशयही. त्याच वर्षी केंटकी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि जवळपास ३०० किलोमीटर लांबीचा जलाशय भरू लागला. थंडी सरताना क्रॅपीला जाणं ही तिथली सर्वमान्य रीत झाली ती यानंतर.

साधन तेव्हा बांबूची लांब काठी, दोरा, शिशाचा भार, तरंड आणि जिवंत मिनो मासोळी एवढंच होतं. बुंध्याला खेटून मासोळी अलगद खाली सोडायची. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला रोखलेले असतात, म्हणून आमिष तिच्या किंचित वर हवं. ती खालून येऊन मासोळी उचलते, शिशाचा भार हलका होतो आणि तरंड बुडण्याऐवजी पाण्यावर आडवं पडतं. नवशिक्याला तो घास कळतच नाही. कळलाच तर तो हिसका देतो, आणि क्रॅपीचं कागदासारखं पातळ तोंड फाटून मासा निसटतो. जाणता माणूस काठी नुसती वर उचलतो.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लोरन्स कंपनीचं ध्वनिलहरींवर चालणारं छोटं यंत्र आलं आणि खोल पाण्यातले थवे सापडू लागले. २०१८ मध्ये गार्मिनने आणलेल्या यंत्रावर तर मासा आमिषाकडे वळताना प्रत्यक्ष दिसतो. एश्मायर यांचा हिशेब बांबूच्या काठीच्या काळातला होता. जानेवारीच्या गार पाण्यातला एकेक मोठा मासा हेरून काढता येत असताना तो हिशेब पुन्हा मांडायलाच हवा. मिसिसिपीच्या या जलाशयांवर १२ इंचांहून लहान क्रॅपी सोडून देण्याचा नियम आहेच.

मे २०२३ मध्ये आर्काबटलाच्या मातीच्या धरणाला धोका असल्याचं अभियंत्यांना आढळलं. खालच्या गावांच्या सुरक्षेसाठी त्यांनी जलाशय नेहमीच्या पातळीपेक्षा बराच खाली आणला. होड्या उतरवण्याचे अनेक उतार कोरडे पडले. पुढच्या फेब्रुवारीतही पाणी ठरल्याप्रमाणे उबदार होत गेलं, पण झुडपांपर्यंत नेहमीसारखं चढवणं अभियंत्यांना परवडणारं नव्हतं, आणि तिथल्या गळकऱ्यांनी होड्या गाडीला जोडून दक्षिणेकडच्या सार्डिस-ईनिडची वाट धरली.