द्रुतभरक, रिव्हॉल्व्हरचा

रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधील सर्व घरांत एकाच हालचालीत काडतुसे भरण्याचे साधन. यास स्पीडलोडर असेही म्हणतात. यात पाच किंवा सहा काडतुसे सिलिंडरच्या घरांप्रमाणे वर्तुळात मांडून बुडाशी धरलेली असतात. मधले बोंड फिरविताच किंवा दाबताच ती सुटून घरांत उतरतात. कपड्यांखाली बाळगावयाच्या आखूड रिव्हॉल्व्हरसाठी द्रुतभरकाची निवड हा वरवर यंत्ररचनेचा प्रश्न वाटतो. तथापि सातारा व सांगली या जिल्ह्यांचा १९४२–४६ या काळातील इतिहास पाहता तो आधी काडतुसांच्या पुरवठ्याचा प्रश्न ठरतो.

सॅम्युएल कोल्ट याच्या १८३६ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू व गोळी प्रत्येक घरात सुटी ठासावी लागे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पुढे ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची नळी बिजागरीवर खाली मोडताच रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडत. रिकामे करणे असे क्षणाचे काम झाले, पण भरणे मात्र एकेका काडतुसाचेच राहिले. ही उणीव इंग्लंडमधील प्रिडो याने १८९३ मध्ये पेटंट घेतलेल्या द्रुतभरकाने भरून काढली. पहिल्या महायुद्धात अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो पदरच्या पैशाने घेतला. अमेरिकेत १९७० साली न्यूहॉल येथील चकमकीत चार महामार्ग-पोलीस ठार झाल्यावर द्रुतभरकाचा प्रसार पोलीस दलांत वेगाने झाला.

आखूड रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत अडचणी निराळ्या असतात. भरलेला द्रुतभरक सिलिंडरइतकाच जाड असल्याने तो खिशात फुगवटा करतो. शस्त्र लपते, पण त्याचा भरक लपत नाही. सिलिंडर बाजूला उघडणाऱ्या प्रकारात मुठीची जाड फळी भरकाला अडविते. नळीबरोबर आतला दांडाही आखूड झाल्याने पुंगळ्या पुरत्या बाहेर पडत नाहीत आणि एखादी अडकली की द्रुतभरकाचा सारा वेग वाया जातो. म्हणून पुष्कळजण काडतुसे एका ओळीत धरणारी चपटी रबरी पट्टी पसंत करतात. ती संथ खरी, पण खिशात सपाट राहते, आणि केवळ बाळगण्यासाठी असलेल्या शस्त्राच्या बाबतीत हा गुण लहान नव्हे.

ऑगस्ट १९४२ नंतर त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच मोडत असे) तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे निघाले. वडूज येथे ९ सप्टेंबर रोजी व इस्लामपूर येथे १० सप्टेंबर रोजी पोलिसांनी गोळीबार केला व त्यात माणसे मारली गेली. यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले व कुंडल परिसरात तुफान सेना संघटित झाली. शस्त्रे मिळविणे ही या चळवळीची सततची विवंचना होती. १८७८ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून बंदूकच नव्हे, तर दारूगोळा बाळगणेही गुन्हा होता. परवानाधारक दुकानदार परवाना पाहिल्याखेरीज काडतूस देत नसे. शेणोली येथे ७ जून १९४३ रोजी पगाराचा पैसा नेणारी आगगाडी लुटण्यात आली. सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्याच बंदुका घेऊन निसटले. त्या पाठलागात दोन सहकारी मारले गेले व स्वतः वसंतदादांना गोळी लागली. धुळ्याजवळ चिमठाणे येथे १४ एप्रिल १९४४ रोजी सरकारी खजिना लुटला गेला, तोही शस्त्रखरेदीसह चळवळीच्या खर्चासाठी.

हिसकावून किंवा चोरून मिळविलेली शस्त्रे एकाच मापाची असणे संभवत नाही. द्रुतभरक मात्र एका मापाच्या काडतुसासाठी व ठराविक सिलिंडरसाठीच घडविलेला असतो. .४५५ चे काडतूस .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये जात नाही, आणि स्वयंचलित पिस्तुलाचे बिनकाठाचे काडतूस सामान्य रिव्हॉल्व्हरच्या घरात टेकत नाही. अशा परिस्थितीत खिशातील सहा काडतुसे हाच पुष्कळदा सारा साठा. तो अधिक वेगाने संपविण्याचे साधन भूमिगताच्या काय उपयोगाचे? ब्रिटिश अधिकाऱ्याला सेकंद वाचवावयाचे होते, येथे गोळी वाचवावयाची होती. द्रुतभरक ही मुबलक काडतुसे असलेल्यांची सोय आहे, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. कानपूर येथे तयार होणारे .३२ मापाचे सहाबारी रिव्हॉल्व्हर व २०१४ मध्ये आलेले सु. ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ ही दोन्ही वेब्लीप्रमाणे नळी खाली मोडणारी आहेत. त्यामुळे त्यांत मुठीचा अडथळा कमी होतो, पण पाचबारी.३८ साठी केलेला परदेशी द्रुतभरक त्यांना बसत नाही. शिवाय वर्षाकाठी किती काडतुसे विकत घेता येतील, हे परवान्यावरच नोंदलेले असते.